जॉन न्यूटनची दोन पुस्तके : पापमुक्तीची कल्पना आणि तिची कक्षा

पापातून सुटका झाल्याचा अनुभव शब्दांकित करणे हा ख्रिस्ती वाङ्मयातील फार जुना प्रघात होय. चौथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टीनने 'कन्फेशन्स' लिहावयास घेतले तेव्हापासून ह्या कथनाला एक घाट लाभला, आणि सतराव्या शतकातील इंग्लिश प्युरिटनांनी तो अधिक पक्का केला. बाळपणीचे संस्कार, तारुण्यातील पतन, ईश्वराची हाक, तिचा अव्हेर, संकट, शरणागती, आणि अखेरीस अंतःकरणात उसळणारा नवा उत्साह असा त्याचा ठरीव क्रम. जॉन बनयनचे 'ग्रेस अबाउंडिंग' (१६६६) हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ह्याच परंपरेत १७६४ साली प्रसिद्ध झालेले जॉन न्यूटनचे 'ॲन ऑथेंटिक नॅरेटिव्ह' हे आत्मवृत्त बसते. (गणिती न्यूटनशी ह्या न्यूटनचा काही संबंध नाही.) वाङ्मयगुणांच्या दृष्टीने ते बनयनच्या पंक्तीला बसणारे नाही. तरीही त्याचा विचार अगत्याने करावयास हवा. कारण ह्याच लेखकाने चोवीस वर्षांनी आणखी एक छोटे पुस्तक लिहिले, आणि ते पहिल्याशेजारी ठेवले असता पापमुक्तीच्या ह्या संपूर्ण वाङ्मयप्रकाराविषयी एक अवघड प्रश्न उभा राहतो. पापातून मुक्त झालेल्या माणसाला कोणते पाप दिसते, आणि कोणते दिसतच नाही?

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. न्यूटनचे नाव आज जगभर टिकून आहे ते 'अमेझिंग ग्रेस' ह्या उपासनागीतामुळे. त्याविषयीची लोकप्रिय आख्यायिका अशी की, गुलामांचा व्यापारी असलेला हा खलाशी वादळात सापडला, त्याला पश्चात्ताप झाला, त्याने तत्क्षणी तो धंदा टाकला आणि हे गीत रचले. आख्यायिकांना घाई फार असते. वादळ झाले ते मार्च १७४८ मध्ये. गीत रचले गेले ते ओल्नी येथील १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी. मधल्या काळात न्यूटनने गुलामांच्या व्यापारात एका सफरीवर दुय्यम अधिकारी म्हणून आणि त्यानंतर तीन सफरींवर कप्तान म्हणून काम केले. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तो अकस्मात आलेल्या झटक्यामुळे, प्रकृतीच्या कारणाने. त्या व्यापाराविरुद्ध त्याचा जाहीर शब्द उमटला १७८८ मध्ये, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी. ही चाळीस वर्षे हाच ह्या विवेचनाचा खरा विषय आहे.

'नॅरेटिव्ह' हे टॉमस हॉइस ह्या धर्मोपदेशकाला लिहिलेल्या चौदा पत्रांच्या रूपात आहे. न्यूटनचा जन्म १७२५ मध्ये लंडनमध्ये झाला. धर्मनिष्ठ आई तो सात वर्षांचा होण्यापूर्वीच वारली. अकराव्या वर्षी तो बापाबरोबर समुद्रावर गेला. पुढे त्याला बळजबरीने आरमारात भरती करण्यात आले. तेथून तो पळाला, पकडला गेला, फटके खाऊन खालच्या पायरीवर ढकलला गेला. शाफ्ट्सबरीच्या ग्रंथाने त्याची श्रद्धा ढासळली आणि ईश्वरनिंदेत त्याने अट्टल खलाशांनाही मागे टाकले. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या प्लँटेन बेटांवर एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या पदरी असताना त्याचे हाल झाले; त्या व्यापाऱ्याच्या आफ्रिकी पत्नीने त्याला उपाशी ठेवले. त्या अवस्थेतही जवळच्या युक्लिडच्या पुस्तकातील आकृत्या तो वाळूत काठीने काढीत बसे. हा तपशील पुस्तकातील अत्यंत जिवंत तपशिलांपैकी एक आहे.

वादळाचे वर्णन मात्र मुळातूनच वाचावे असे आहे. 'ग्रेहाउंड' जहाजाची एक बाजू लाटांनी फोडली. जहाजात मेण आणि रंगाचे लाकूड असा पाण्याहून हलका माल होता म्हणूनच ते तरंगत राहिले. कप्तानाने न्यूटनला सुरी आणावयास परत पाठविले, तेवढ्यात त्याच्याऐवजी वर गेलेला माणूस लाटेबरोबर वाहून गेला. पाणी उपसता उपसता न्यूटनच्या तोंडून सहज, बोलण्याच्या ओघात, ईश्वराच्या दयेचा शब्द निघून गेला आणि तो स्वतःच दचकला. वर्षानुवर्षांत त्याने दया मागितली नव्हती. पुढे दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत सुकाणू धरून उभा असताना त्याने आपल्या आयुष्याचा हिशेब केला. ह्या वर्णनात अतिशयोक्ती नाही. न्यूटन स्वतः सांगतो की, त्या दिवशी आपण पूर्ण अर्थाने श्रद्धावान झालो नव्हतो. ते पुष्कळ नंतर घडले. हा त्याचा प्रामाणिकपणा आहे, आणि आख्यायिकेपेक्षा पुस्तक श्रेष्ठ ठरते ते ह्याच कारणाने.

मग ते घडले केव्हा? ह्या प्रश्नाच्या उत्तरापाशी 'नॅरेटिव्ह'चा वाचक थबकला पाहिजे. वादळातून वाचल्यावर न्यूटन 'ब्राउनलो' ह्या गुलामवाहू जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून पुन्हा आफ्रिकेला गेला. तेथे त्याचा उत्साह ओसरला आणि तो जुन्या पापांकडे परत वळला. मग त्याच प्लँटेन बेटांवर त्याला जबर ताप आला. अशक्त अवस्थेत तो बेटाच्या एका निर्जन कोपऱ्यापर्यंत कसाबसा गेला आणि या वेळी कोणताही निश्चय न करता, कोणतेही वचन न देता, त्याने स्वतःला ईश्वराच्या हाती सोपविले. निश्चय करण्याचा अहंकारही तेथे गळून पडला. त्या क्षणापासून पापाच्या सत्तेतून आपली सुटका झाली, झगडा उरला तरी पापाचे राज्य संपले, असे तो लिहितो. पुढे अमेरिकेत चार्ल्स्टन येथे जहाज लागले असता तो रानात एकांती जाऊन प्रार्थना करीत असे. एका पश्चात्तप्त मनाचे हे चित्र हृद्य आहे.

१७८८ च्या 'थॉट्स अपॉन द आफ्रिकन स्लेव्ह ट्रेड' ह्या पुस्तिकेत हीच सफर पुन्हा येते. तेथे म्हातारा न्यूटन आपली जुनी नोंदवही पुढे घेऊन बसलेला आहे, आणि तिच्यातून तो एक आकडा काढून देतो. जहाजाने किनारा सोडला तेव्हा त्यावर २१८ गुलाम होते. मोठी साथ नसतानाही वाटेत ६२ जणांना समुद्रात टाकावे लागले. किनाऱ्यावर असतानाच जे मेले त्यांची तर गणतीच नाही. म्हणजे आफ्रिकेच्या बेटावर पापमुक्ती आणि चार्ल्स्टनच्या रानात प्रार्थना, ह्या दोहोंच्या मध्ये हा समुद्रप्रवास आहे. 'नॅरेटिव्ह'मध्ये त्या दोन्ही गोष्टी आहेत. मधले ६२ जण तेथे नाहीत. न्यूटनने ते लपविले असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते बरोबर नाही. लपविण्यासाठी आधी ती गोष्ट पाप म्हणून दिसावी लागते. १७६४ मधील न्यूटनला ती तशी दिसतच नव्हती. त्या व्यापाराच्या न्याय्यतेविषयी आपल्या मनात कधी शंका आली नव्हती, ईश्वरानेच आपल्याला नेमून दिलेले ते काम आहे असे आपण समजत होतो, असे तो त्या पुस्तकात मोकळेपणाने सांगतो. बेड्या, साखळ्या आणि कड्या पाहून आपण तुरुंगाधिकारी आहोत असे त्याला वाटे, आणि एखादा अधिक दयाळू व्यवसाय मिळावा म्हणून तो प्रार्थनाही करी. अस्वस्थता होती, तिला पापाचे नाव नव्हते.

कप्तानपदाच्या वर्षांत ही विसंगती अधिक स्पष्ट होते. मुक्तीनंतर येणारा नवा उत्साह न्यूटनच्या ठायी निःसंशय होता. जहाजावर त्याने लॅटिनचा अभ्यास केला, होरेस वाचला, आत्मपरीक्षणाची रोजनिशी लिहिली, दर रविवारी खलाशांसह दोन वेळा उपासना चालविली, आणि पत्नी मेरीला विरहाने ओथंबलेली पत्रे लिहिली. त्याच काळातील जहाजाची अधिकृत नोंदवही १९६२ मध्ये छापली गेली. तिच्यात डिसेंबर १७५२ मध्ये, बंडाचा संशय आल्यावर, काही मुलांना बेड्या घालून कबुलीसाठी अंगठे पिळण्याचा चाप 'थोडासा' लावल्याची नोंद आहे. रोजनिशी आणि नोंदवही एकाच हाताने लिहिलेल्या आहेत. एकीत ईश्वरापुढे ढाळलेली आसवे आहेत, दुसरीत मालाची देखरेख आहे. दोहोंमध्ये दार नाही.

हा दोष केवळ न्यूटनच्या स्वभावाचा म्हणून सोडून देता येत नाही. त्याचे मूळ बऱ्याच अंशी कथनाच्या घाटात आहे. प्युरिटन आत्मवृत्तात पात्रे दोनच: जीव आणि ईश्वर. पाप म्हणजे ह्या दोहोंमधील नात्याचा भंग. त्यामुळे ईश्वरनिंदा, शब्बाथाचा भंग, वासना, दंभ ही पापे तेथे ठळक दिसतात. ज्याच्या पायात आपण बेडी घातली तो तिसरा माणूस ह्या रचनेत फार तर एक प्रसंग म्हणून येतो. मराठी ख्रिस्ती परिभाषेतील 'तारण' हा शब्द येथे विचार करावयास लावणारा आहे. तारणे म्हणजे पाण्यातून पार नेणे. आपल्या संतवाङ्मयातील भवसागराची कल्पना त्याला चिकटलेलीच आहे. न्यूटनच्या बाबतीत ते रूपक अक्षरशः खरे ठरले. परंतु भवसागर पार करणाऱ्या जीवाच्या रूपकात होडीच्या पोटात आणखी कोणी कोंडलेले आहे काय, हा प्रश्न विचारण्याची सोय नसते. इंग्रजीत आत्म्याची मुक्ती आणि गुलामाची मोकळीक ह्यांना एकच शब्द चालतो. मराठीत 'मुक्ती' आणि 'स्वातंत्र्य' ह्यांचे प्रांत बव्हंशी वेगळे राहिले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपल्या ग्रंथाला 'गुलामगिरी' असे नाव देऊन तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हा हे दोन प्रांत एकमेकांना भिडविण्याचा प्रयत्न आपल्याकडे झाला असे म्हणता येईल.

न्यूटनच्या समर्थनार्थ नेहमी काळाचा दाखला दिला जातो. त्या काळी तो व्यापार सर्वमान्य होता, तेव्हा एका खलाशाला दोष कसा द्यावा? ह्या युक्तिवादात तथ्य आहे, पण ते किती आहे हे पाहावयास समकालीन आत्मवृत्तेच उघडावी लागतात. न्यू जर्सीतील क्वेकर जॉन वुलमन (१७२०–१७७२) हा न्यूटनपेक्षा पाचच वर्षांनी वडील. त्याच्या 'जर्नल'मध्ये (१७७४) तरुणपणीचा एक प्रसंग आहे. तो दुकानात नोकरीला असताना मालकाने एक गुलाम स्त्री विकली आणि विक्रीपत्र लिहावयास वुलमनला सांगितले. त्याने ते लिहिले, पण अस्वस्थ होऊन मालकाला आणि गिऱ्हाइकाला सांगितले की, गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे. पुढे दुसऱ्या एकाने तसाच दस्तऐवज मागितला तेव्हा त्याने नकार दिला. प्रसंग क्षुल्लक आहे. वादळ नाही, वाहून गेलेला माणूस नाही, सुकाणूवरची रात्र नाही. परंतु पापाची जाणीव येथे थेट तिसऱ्या माणसाच्या निमित्ताने जागी होते, आणि वुलमनच्या धर्मजीवनातील पुढील सारा उत्साह त्याच वाटेने वाहतो. गुलाम बाळगण्याविरुद्धचा त्याचा निबंध १७५४ मध्ये छापला गेला. त्याच वर्षी न्यूटन आपल्या शेवटच्या सफरीवरून परतला. काळ एकच होता.

ह्याउलट केवळ भुक्तभोगी असल्याने दृष्टी आपोआप लाभते असेही नाही. ओलॉडा इक्वियानोचे आत्मवृत्त (१७८९) ह्या दृष्टीने बोलके आहे. गुलाम असलेल्या इक्वियानोने व्यापार करून पैसा साठविला आणि ११ जुलै १७६६ रोजी स्वतःची सुटका विकत घेतली. तरीही तो स्वतःला बद्धच समजत होता. १७७४ च्या ऑक्टोबरात स्पेनमधील काडिझ येथे जहाजावर बायबल वाचीत असता त्याला पापमुक्तीचा अनुभव आला. शरीराची मोकळीक आणि आत्म्याची मोकळीक ह्यांत आठ वर्षांचे अंतर आहे, आणि दोहोंच्या वर्णनांतील आनंद वाचकाने पडताळून पाहावा असा आहे. पण पुढेच, १७७६ च्या सुमारास, हाच इक्वियानो मध्य अमेरिकेतील एका मळ्याच्या उपक्रमासाठी गुलाम निवडून विकत घेण्यास मदत करतो, आणि ते आपलेच देशबांधव होते हेही नोंदवितो. (त्याच्या जन्मस्थानाविषयी संशोधकांत वाद आहे, येथील मुद्द्याला त्याने बाध येत नाही.) हा भाग तो शांतपणे लिहून जातो. जी कथनपद्धती न्यूटनला आंधळे करते, तिचा थोडा अंमल इक्वियानोवरही चालतो असे दिसते. तथापि त्याच्या पुस्तकाचा एकूण रोख स्पष्टपणे व्यापारबंदीकडे आहे, आणि तिसरा माणूस तेथे पहिल्या पुरुषात बोलतो. ह्या फरकाचे महत्त्व फार आहे.

ओल्नीतच न्यूटनच्या शेजारी राहणारा कवी विल्यम कूपर हे तिसरे उदाहरण, आणि ते सर्वांत चटका लावणारे आहे. कूपरलाही १७६४ मध्ये मुक्तीचा अनुभव येऊन शांती लाभली होती. पण जानेवारी १७७३ मध्ये, न्यूटनचे ते गीत प्रथम पुढे आले त्याच दिवसांत, त्याचे मन ढासळले. आपण ईश्वराने कायमचे टाकलेलो आहोत ही त्याची धारणा मरेपर्यंत गेली नाही. कृपेचा हक्क आपल्याला नाही असे मानणाऱ्या ह्या माणसाने 'चॅरिटी' (१७८२) आणि 'द टास्क' (१७८५) ह्या काव्यांत गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार केला. न्यूटनने अद्याप जाहीरपणे तोंड उघडले नव्हते. ह्यावरून निराश मनाला अधिक दिसते असा नियम काढणे धाडसाचे होईल. पण मुक्तीची खात्री ही दृष्टीची हमी नव्हे, एवढे तरी मान्य करावे लागते.

१७८५ च्या डिसेंबरात तरुण खासदार विल्यम विल्बरफोर्स न्यूटनला गुपचूप भेटला. धर्मजागृती झाल्यामुळे राजकारण सोडावे की काय ह्या विवंचनेत तो होता. जुन्या साच्याप्रमाणे पाहिले तर अशा माणसाने प्रापंचिक व्यवहारातून निवृत्त व्हावे हेच अपेक्षित. न्यूटनने त्याला संसदेतच राहण्याचा सल्ला दिला. मुक्त आत्म्याचा उत्साह सभागृहात, कायद्यात, लोकांच्या व्यवहारात वाहू शकतो ही कल्पना येथे स्पष्ट होते. दोन वर्षांनी त्याची स्वतःची पुस्तिका आली.

'थॉट्स'ची रचना 'नॅरेटिव्ह'पेक्षा अगदी भिन्न आहे, आणि समीक्षकांनी ह्या भिन्नतेकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. प्रारंभी न्यूटन आपली कबुली देतो. ती फार उशिरा येत आहे हेही सांगतो. पण नंतर तो स्वतःविषयी बोलणे जवळजवळ थांबवितो. हाल, अंगठ्याचे चाप, जहाजावर आणल्या जाणाऱ्या उघड्या, थरथरणाऱ्या स्त्रियांवर खलाशांचे अत्याचार, खलाशांच्याही मनाला येणारा बधिरपणा हे तो साक्षीदाराच्या कोरड्या भाषेत मांडतो. गुलामांच्या खोलीची उंची कधी पाच फुटांहून अधिक तर कधी कमी. मध्ये फळी टाकून तिच्या वर आणि खाली माणसांच्या दोन रांगा. शेल्फवर पुस्तके लावावीत तशी ती दाटलेली. संपूर्ण पुस्तिकेत उपमा तुरळकच. त्यांतली ही एक धर्मोपदेशकाच्या अभ्यासिकेतून आलेली आहे. 'नॅरेटिव्ह'मध्ये आसवे होती, येथे मोजमापे आहेत. आणि वाचकाच्या मनावर परिणाम होतो तो मोजमापांचाच. ही पुस्तिका वाचताना त्रेसष्टीच्या घरातील लेखकाचा आवेश जाणवतो. १७८८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे आणि १७९० मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याने साक्षही दिली.

पत्नीच्या मृत्यूनंतर, १७९३ मध्ये, न्यूटनने तिला लिहिलेली जुनी पत्रे 'लेटर्स टू अ वाइफ' ह्या नावाने छापली. त्यांतील बरीच पत्रे गुलामांच्या जहाजावरून लिहिलेली होती. एका ठिकाणी त्याने तळटीप जोडली: आपला धंदा असा असूनही त्या वेळी आपण भीतीने कसे दचकलो नाही ह्याचे वाचकाला नवल वाटेल, तसे ते आता आपल्यालाही वाटते, रूढी, इतरांचे उदाहरण आणि स्वार्थ ह्यांनी आपले डोळे झाकले होते. आत्मवृत्तात ज्याला जागा मिळाली नाही ते अशा रीतीने प्रेमपत्रांच्या खाली, बारीक टाइपात आले.

न्यूटन २१ डिसेंबर १८०७ रोजी वारला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदीचा कायदा संमत केला होता. लंडनमधील सेंट मेरी वुलनॉथ ह्या त्याच्या चर्चमध्ये त्याने स्वतः रचलेला स्मृतिलेख आहे. त्यात त्याने आपल्या पूर्वायुष्याची ओळख नास्तिक, स्वैराचारी आणि आफ्रिकेत गुलामांचा चाकर अशी करून दिली आहे. गुलामांचा व्यापारी, हा शब्द तेथे नाही.